गोंगाट की गाऱ्हाणं?



आज आपण गाण्यांवर बोलणार आहोत. पण ही गाणी भुलाबाईची नाहीत, जात्यावरची नाहीत आणि भजनंही नाहीत. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या चार कामगार पोरांनी १९७० साली एक तबकडी काढली. तिचं नाव ‘पॅरानॉइड’ आणि त्या चौघांच्या बँडचं नाव ‘ब्लॅक सॅबथ’. या प्रकारच्या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः जड धातू. तबकडीत आठ गाणी आहेत. ती आपल्या गटांतल्या बायांनी ऐकली आणि त्यावर मतं दिली. ती मतं आज तुमच्यापुढे ठेवायची आहेत.

हे सुचलं कसं, ते आधी सांगतो. २२ जुलै २०२५ ला या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न वारला. त्या आठवड्यात कॉलेजात जाणाऱ्या आपल्या पोरांच्या मोबाइलवर त्याचेच फोटो होते. आमच्या एका श्रोत्या ताईंनी फोन करून विचारलं, “कोन हा मानूस? आमच्या पोट्ट्यानं दोन दिवस याचं स्टेटस ठेवलं. आजोबा गेले तवा ठेवलं नोतं.” त्यांच्या बोलण्यात राग कमी होता आणि काळजी जास्त होती. पोरगा काय ऐकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही आमच्या घरातल्या पोरांचं ठाऊक नव्हतं. मग ठरवलं, की एकदा ऐकूनच पाहू.

गाण्यांचे हक्क कंपनीकडे असतात, म्हणून ती रेडिओवर लावली नाहीत. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आणि अचलपूर, अकोला जिल्ह्यात अकोट आणि मूर्तिजापूर, या तालुक्यांतल्या काही बचत गटांच्या बैठकीत ती ऐकली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, की मोबाइलला स्पीकर जोडायचा. पहिल्यांदा नुसतं गाणं ऐकायचं आणि मत सांगायचं. मग आम्ही शब्दांचा अर्थ मराठीत सांगायचा, ते चौघे कोण होते ते सांगायचं आणि गाणं पुन्हा ऐकायचं. दुसऱ्यांदा पुन्हा मत घ्यायचं. कुणाचंही नाव रेडिओवर घ्यायचं नाही, असं ठरलं होतं.

पहिल्या फेरीतली मतं ऐका. “हे गानं हाय का थ्रेशर चालू हाय?” “मले तं डोकंच दुखाले लागलं.” “कायले एवढं बोंबलते तो?” एका आजींनी कानावर पदर घेतला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. एक ताई म्हणाल्या, “डीजे तरी बरा, लग्नापुरता असते. हे तं पोट्टे रोज ऐकतात.” पण सगळ्यांचं मत असं नव्हतं. डफडं वाजवणाऱ्या घरातल्या एक ताई पहिल्यापासून मान हलवत होत्या. त्या म्हणाल्या, “ठेका पक्का हाय. एकच चाल फिरून फिरून येते, आन् दर खेपेस जड होत जाते. आमच्या घरच्या मानसायले हे लगेच समजन.”

ताईंनी बरोबर ओळखलं. या संगीतात गिटारवर एक छोटी ओळ वाजते आणि ती घणासारखी परत परत पडते. त्यावर ड्रम आणि त्यावर गाणारा. आपल्याकडे जात्याच्या घरघरीवर ओवी उभी राहिली, तसं हे गाणं कारखान्याच्या आवाजावर उभं राहिलं. ते कसं, ते समजायला त्या चौघांचं घर पाहावं लागेल.

बर्मिंगहॅम हे लोखंडाचं नि यंत्रांचं शहर. त्यातल्या ॲस्टन या कामगार वस्तीत हे चौघे वाढले. आपल्याकडे अकोल्यात जिनिंग-प्रेसिंगच्या भोवती वस्त्या वसल्या, अचलपुरात फिनले मिलच्या भोंग्यावर घरं चालली, तशीच ती वस्ती. ऑझीचे वडील कारखान्यात रात्रपाळी करायचे, आई मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात जायची. घरात सहा भावंडं. ऑझीला अक्षरं नीट लागत नसत, पंधराव्या वर्षी शाळा सुटली. त्यानं कत्तलखान्यात काम केलं, कारखान्यात मोटारीचे हॉर्न वाजवून तपासायचं काम केलं, चोरी करून सहा आठवडे तुरुंगातही राहिला. दंड भरला असता तर सुटला असता, पण वडिलांनी भरला नाही. पोराला अद्दल घडावी म्हणून.

गिटार वाजवणारा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करत होता. वाजवण्याचं काम मिळालं म्हणून त्यानं नोकरी सोडली आणि त्या दिवशी त्याचा शेवटचा दिवस होता. यंत्रावर पत्रा वाकवून त्याच्याकडे देणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून तिच्या यंत्रावर त्याला बसवलं. दुपारी तो जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, हाती घेतलेलं काम नीट पुरं करून ये. तो गेला. यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. टोनी डावखुरा आहे, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायची बोटं तीच होती.

ही गोष्ट सांगितली तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. कडबा कटरमध्ये, थ्रेशरमध्ये बोटं गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. एका ताईंनी हळूच स्वतःचा हात पदराखाली घेतला. दुसऱ्या म्हणाल्या, “त्या मायचं काय झालं असन? तिनंच पाठवलं होतं ना.” पुस्तकांत नि मासिकांत टोनीच्या बोटांबद्दल पुष्कळ छापून आलं आहे. आईचं काय झालं असेल, हे आमच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकलं.

पुढे काय झालं? कारखान्यातल्या फोरमननं टोनीला एक तबकडी आणून दिली. ती जँगो राइनहार्टची होती. आगीत या माणसाचा डावा हात भाजला होता, तरी तो दोन बोटांवर गिटार वाजवून नावाजला होता. ते ऐकून टोनीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवली आणि बोटांसाठी टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढच्या काळात तारा सैलही सोडल्या, त्यानं आवाज आणखी जड आणि खोल झाला. आज जगभरची पोरं ज्या आवाजावर डोलतात, त्यात त्या तुटलेल्या बोटांचा वाटा मोठा आहे.

अचलपूरकडच्या एक ताई यावर म्हणाल्या, “म्हंजे हा आवाज यायनं बसून शोधला नाही. दुखते म्हनून असा निंगाला.” आम्ही त्यांचं हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

एक शंका बऱ्याच जणींना होती, तीही सांगून टाकतो. “हे सैतानाचं गानं हाय म्हनतात, पोरायनं ऐकलं तं लागट होते का?” बँडचं नाव एका भुताच्या सिनेमावरून घेतलं होतं. लोक भुताचा सिनेमा पैसे देऊन बघतात, मग भीतीचं गाणं का ऐकणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. गळ्यात मात्र ते क्रूस घालत, आणि ते क्रूस ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात धातूचे बनवून दिले होते. गाणी लिहिणारा गीझर बटलर हा धार्मिक कॅथलिक घरातला, सात भावंडांतला धाकटा. तेव्हा लागट होण्याची भीती सोडून द्या.

आता दुसऱ्या फेरीकडे येऊ. अर्थ कळल्यावर मतं कशी बदलली, आणि कुठे बदलली नाहीत.

तबकडीतलं पहिलं गाणं ‘वॉर पिग्ज’ युद्धावर आहे. त्या वेळी व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. युद्ध ठरवणारे मोठे लोक सुरक्षित जागी बसतात आणि मरायला गरिबांची पोरं जातात, असा या गाण्याचा राग आहे. ज्यांच्या घरातला मुलगा फौजेत आहे अशा एक ताई नाराज झाल्या. “सैनिकाबद्दल असं बोलू नये. तो देशासाठी जाते.” दुसऱ्या ताईंचा भाऊ सीमेवर होता. त्या म्हणाल्या, “हे सैनिकाच्या इरोधात कुठं हाय? तो मरू नये म्हनून तं हे गाते.” दोघी शेवटपर्यंत आपापल्या मतावर ठाम राहिल्या. आम्ही निकाल दिला नाही. इतकंच सांगितलं, की गाण्याचा राग हुकूम देणाऱ्यांवर आहे.

‘हँड ऑफ डूम’ हे नशेवरचं गाणं. व्हिएतनामहून परतणारे अमेरिकन सैनिक व्यसनात बुडाले होते. या चौघांनी अमेरिकी फौजेच्या तळांवर कार्यक्रम केले तेव्हा ते पाहिलं, आणि त्यातून हे गाणं झालं. इथं बायांना अर्थ फार सांगावाच लागला नाही. गावातलं दुकान बंद करायला ‘आडवी बाटली’चं मतदान मागणाऱ्या बाया आपल्यात आहेत. पण मूर्तिजापूरकडच्या एका ताईंनी चांगलाच प्रश्न विचारला, “एवढं समजत होतं तं हे स्वतः सोडून होते का?” नव्हते. ऑझी दारू आणि नशेत इतका बुडाला, की १९७९ साली बँडनं त्याला काढून टाकलं. ताई म्हणाल्या, “पाहा. गानं म्हनून दारू सुटत नाही. भजन म्हनूनबी सुटत नाही. त्याले इलाज लागते.” सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं होतं.

‘आयर्न मॅन’ म्हणजे लोखंडी माणूस. या गाण्यात एक गोष्ट आहे. एका माणसाला जगाचा पुढचा नाश दिसतो. तो सांगायला परत येतो, पण वाटेत त्याचं शरीर लोखंडाचं होतं, वाचा जाते. लोक त्याच्याकडे बघत नाहीत, टर उडवतात. शेवटी तो चिडतो आणि जो नाश टाळायला आला होता, तो स्वतःच करतो. पहिल्या फेरीत याच गाण्याला सगळ्यांत जास्त नावं ठेवली होती. अर्थ कळल्यावर ‘पुन्हा लावा’ अशी मागणी याच गाण्याला आली. एका सासूबाई म्हणाल्या, “घरातलं मानूस असंच होते. आधी सांगते, मग गुमान राह्यते, मग एक दिवस भांडे फेकते. आपन म्हनतो, याले अचानक काय झालं? अचानक काही होत नसते.” त्यांच्या शेजारी त्यांची सून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, पण घरी जाताना दोघी बोलत गेल्या.

एक गाणं सगळ्यांना पहिल्यापासून आवडलं, ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’. ते हळू आहे, त्यात हातानं वाजवायचे ढोल आहेत आणि आकाशात तरंगत चालल्यासारखं वाटतं. “हे रातच्याले अंगनात बाजेवर पडून ऐकासारखं हाय,” असं मत पडलं. म्हणजे त्या पोरांना हळू गाता येत नव्हतं, असं नाही.

आणि आता ज्या गाण्याचं नाव तबकडीला आहे, ते ‘पॅरानॉइड’. तबकडी लहान पडत होती, म्हणून हे शेवटी घाईघाईनं केलं. जेमतेम तीन मिनिटांचं आहे. ज्याचं मन कशातच लागत नाही, ज्याला हसू येत नाही, लोक आपल्याला वेडा समजतात असं ज्याला वाटतं, असा माणूस यात बोलतो आणि मदत मागतो. शब्द गीझर बटलरचे आहेत. त्याला स्वतःलाच नैराश्याचा त्रास होता. त्या काळी त्याचं नावही त्याला ठाऊक नव्हतं, कुणाला सांगायची सोय नव्हती. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांनी आजार ओळखला, औषध दिलं आणि फरक पडला, असं त्यानंच पुढे सांगितलं आहे.

हा अर्थ सांगितल्यावर अकोट तालुक्यातल्या एका बैठकीत एक ताई बोलल्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. डोक्यावर कर्ज होतं, सोयाबीन हातचं गेलं होतं. ताई म्हणाल्या, “आमच्या घरचे बोलतच नोते. आम्हाले वाटे, थकले असन. चांगल्या घरचा मानूस आवाज करत नाही, असं आपन म्हनतो ना? हा निदान बोंबलून सांगते तरी.”

मैत्रिणींनो, आम्ही पन्नास वर्षांपूर्वीची परदेशातली तबकडी ऐकायला बसलो होतो, आणि बोलणं आपल्या घरात येऊन पोचलं. अमरावती विभागाचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर घेतलं जातं. प्रत्येक घरामागची कारणं अनेक असतात. कर्ज, भाव, पाऊस, आजार. ती सगळी आपल्या हातात नाहीत. पण माणूस गप्प होत चालला आहे, हे ओळखणं आपल्या हातात आहे.

गाऱ्हाणं मोठ्या आवाजात मांडणं ही आपल्याला परकी गोष्ट नाही. गाडगेबाबा आपल्याच मातीतले. त्यांचा जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. ते कीर्तनात लोकांना थेट प्रश्न विचारत आणि लोकांकडून मोठ्यानं उत्तर घेत. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनांनी गावं जागी झाली. इंग्रज सरकारनं १९४२ साली त्यांना तुरुंगात टाकलं. आणि आपल्या आज्या-पणज्या? घरात तोंड उघडायची चोरी होती, तेव्हा त्यांनी सासुरवास जात्यावर गाऊन सांगितला. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जातं घरघरत होतं म्हणून त्या बोलता आल्या. आवाजाच्या आडोशानं माणूस मनातलं बोलतो. पोरं मोठ्या आवाजाची गाणी का ऐकतात, याचं एक उत्तर इथं असू शकतं.

आणि ही पोरं काही एकटी नाहीत. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून अशा संगीताचा ‘इंडिपेन्डन्स रॉक’ नावाचा महोत्सव भरत असे. ‘आयर्न मेडन’ या प्रसिद्ध बँडनं २००८ साली आपला जागतिक दौरा १ फेब्रुवारीला मुंबईतूनच सुरू केला. ऐकणारी हजारो पोरं आपल्या देशातलीच होती.

आता एका ताईंचा प्रश्न. तो महत्त्वाचा आहे. “असं उदास गानं ऐकून पोट्टं आनखी उदास झालं तं?” नुसत्या गाण्यावरून पोरगा बरा आहे की त्रासात आहे, हे सांगता येत नाही. कित्येकांना असं गाणं ऐकून मोकळं वाटतं. म्हणून गाण्यापेक्षा पोराकडे बघा. झोप उडाली का? जेवण कमी झालं का? मित्रांत जाणं बंद केलं का? जपलेल्या वस्तू वाटून टाकतो का? ‘माझ्यानं काही होत नाही’, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलतो का? यातलं काही दोन आठवडे टिकलं, तर वाट पाहू नका. आणि मरणाचं बोलला, तर त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका. ‘असं काही मनात येतं का’ हे सरळ विचारा. विचारल्यानं मनात नसलेलं येत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचा आधार होतो. हे सगळं नवऱ्यालाही लागू आहे, सासऱ्यालाही, आणि बायांनो, आपल्यालाही.

मदत कुठं मिळते तेही लिहून घ्या. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, आणि अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतात. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो. तितक्याच सहजतेनं इथं जायचं.

कानांबद्दलही एक सांगतो, कारण आजी विसरू देणार नाहीत. कानात वायर घालून ऐकताना मोबाइलचा आवाज पूर्ण आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मधेमधे कानांना विसावा द्यावा. गाणं कितीही चांगलं असलं तरी कान एकदाच मिळतात.

शेवटी सगळ्यांची मतं एकत्र मांडली, तर काय दिसतं? बहुतेक जणींना ही गाणी आवडली नाहीत, आणि अर्थ कळल्यावरही त्या रोज ऐकणार नाहीत. आजी म्हणाल्या, “समजलं, पन मले माहं भजन बरं.” आमचंही काही वेगळं नाही. गाणं आवडलंच पाहिजे असा आग्रह कुणाचाच नव्हता. पण ‘हे काय बोंबलते’ इथून सुरू झालेल्या बैठका ‘त्याले काय दुखते’ इथवर आल्या. हे आमच्या मते बैठकीचं खरं फळ.

फोन करणाऱ्या त्या ताईंनी नंतर काय केलं, ते त्यांच्याच परवानगीनं सांगतो. पोरगा गाणं ऐकत बसला होता. त्या जवळ बसल्या आणि म्हणाल्या, “एक वायर माह्या कानात दे.” तो आधी लाजला, मग दिली. मग त्या बोटं तुटलेल्या माणसाची गोष्ट पोरानं आईला सांगायला घेतली. आईला ती ठाऊक होती, तरी तिनं पूर्ण ऐकून घेतली. नंतर तो परीक्षेबद्दल बोलला, विषय राहिल्याचं बोलला. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तर या आठवड्यात एक काम करा. घरात जो कानात वायर घालून बसतो, त्याला विचारा, काय ऐकतोस, मलाही ऐकव. नाव ठेवण्याआधी एक गाणं पूर्ण ऐका. आणि जो काहीच ऐकत नाही, काहीच बोलत नाही, त्याच्याजवळ जास्त वेळ बसा. पुढच्या बैठकीत कोणी काय ऐकवलं ते सांगा, आम्ही वही घेऊन येतो.